हात खाली

भंगाराच्या यार्डात पाऊल टाकलं की आधी कान बसतात. पत्रे आपटतात, कटरखाली लोखंड किंचाळतं, ट्रक मागे येताना बोंबलतात, आणि या सगळ्यावर कडी म्हणून मुकादम शिव्या देतो. अशा ठिकाणी शाळा चालवणं म्हणजे मारामारीच्या मधोमध बसून सुईत दोरा ओवणं. तरी बाईंनी ती चालवली, आणि झकास चालवली. हे आधीच सांगून टाकायला हवं, कारण पुढे जे रक्त सांडलं त्यात लोक नेमकं तेवढंच विसरले.

शाळा म्हणजे यार्डाच्या कोपऱ्यातली पत्र्याची खोली. यंत्राखाली सापडून एक हमाल मेला, तेव्हा सरकारी तपासनीस आला आणि हुकूम सोडून गेला, की शिकवल्याशिवाय आणि परीक्षा घेतल्याशिवाय कुणालाही यंत्राला हात लावू द्यायचा नाही. मालकिणीने कपाळाला आठ्या घातल्या आणि बाईंना नेमलं. सामान काही दिलं नाही. बाईंनी ते भंगारातूनच उचललं. लोकांनी टाकून दिलेले मॉनिटर, एका कानाचे हेडफोन, तडा गेलेले फोन, सगळं गोळा केलं. बाईंचा धाकटा भाऊ याच यार्डात गठ्ठे उचलायचा. त्याच्या बोटांत जादू होती. मेलेला फोन तो असा उघडायचा आणि असा मिटायचा, की फोन जिवंत होऊन उठायचा.

बाईंचं एक म्हणणं होतं. "ज्याच्या घराला जे दार असेल, त्या दारानं आत जायचं. भिंत फोडायची नाही." तांबं निवडणाऱ्या आजींना दिसायचं कमी, म्हणून त्यांचा धडा बाईंच्या आवाजात हेडफोनमधून जायचा. आजी तारा सोलता सोलता उत्तरं द्यायच्या, आणि चुकल्या की स्वतःलाच शिव्या घालायच्या. कटरवाल्याला एका जागी बसवलं की त्याच्या अंगात मुंग्या शिरत. त्याला बाईंनी तारेची अक्षरं वाकवून दिली, खिशात ठेव म्हणाल्या, चालता चालता चाचप. यार्डातली एक ओली बाळंतीण घरी असायची, तिचा धडा फोनवर जायचा आणि तिचं उत्तर बाळाच्या रडण्यासकट परत यायचं.

मुकादम दारात उभा राहून हे बघायचा आणि हसायचा.

"भिंत फोडली की दारच दार, बाई," तो म्हणायचा.

त्याच्या हाताचा तळवा फावड्याएवढा होता. यार्डात नवीन आलेला प्रत्येक जण पहिल्या आठवड्यात त्या तळव्याची चव घ्यायचा. मुकादमाला त्यात काही वावगं वाटत नसे. तो बाईंच्या वडिलांचा विद्यार्थी होता, आणि हे तो छाती काढून सांगायचा. "गुरुजींनी हाणलं म्हणून माणूस झालो. नाहीतर गुरं वळत बसलो असतो."

गुरुजी म्हणजे बाईंचे वडील. अख्खं गाव त्यांचा मार खाऊन मोठं झालं होतं आणि अख्खं गाव त्यांच्या पाया पडत होतं. माणसांचं हे असंच असतं, जो हात जास्त लागतो तोच जास्त आठवतो.

गुरुजींच्या शाळेत सगळे वर्ग एकाच खोलीत बसत, आणि त्या खोलीचा एक नियम होता. गुरुजी प्रश्न विचारत. ज्याला उत्तर येई त्याने उठायचं, आणि ज्यांना आलं नाही त्यांच्या एकेकाच्या कानाखाली वाजवत जायचं. मार खाणाऱ्याने हात बाजूला सरळ सोडून उभं राहायचं. कुणी गाल वाचवायला हात उचललाच तर गुरुजी गर्जत, "हात खाली!" आणि तो मार धरलाच जात नसे, नव्याने बसे.

थोरली, म्हणजे बाई, हुशार होती. धाकट्याच्या डोळ्यांपुढे मात्र अक्षरं थरथरायची, उलटी व्हायची, एकमेकांच्या जागी जाऊन बसायची. आज त्याला नाव आहे. तेव्हा त्याचं नाव मठ्ठपणा होतं. एक दिवस गुरुजींनी फळ्यावर एक शब्द लिहिला, धाकट्याला तो वाचता येईना, थोरलीने वाचला. ती उठली, भावाच्या पुढ्यात गेली आणि त्याच्या गालाला नुसता हात लावला.

"ही काय पावडर लावतेस?" गुरुजी म्हणाले. वर्ग हसला. मुकादमही तेव्हा त्या वर्गात होता, तोही हसला असणार. गुरुजींनी थोरलीचा हात हातात घेतला, बोटं जुळवली आणि तळवा किंचित पोकळ केला, ओंजळीत पाणी घ्यावं तसा. "पोकळ हात कानावर बसला की शब्द थेट डोक्यात जातो. हे असं. बघ."

आणि त्यांनी करून दाखवलं. एका कानावर दाखवलं. धाकट्याने हात उचलला. "हात खाली!" त्याने हात खाली केला. मग दुसऱ्या कानावर दाखवलं.

रक्त सदऱ्याच्या कॉलरवर आलं. मग ताप आला, कान वाहायला लागले, वाहतच राहिले. आई कापूस बदलत राहिली आणि तोंडातून ब्र काढला नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार त्या घरात सगळ्यांनाच होता. कान सुकले तेव्हा त्यांतून काहीच आत जात नव्हतं, आणि हळूहळू तोंडातून शब्द बाहेर येणंही थांबलं. गुरुजींनी ते पोराच्या नशिबावर ढकललं आणि म्हातारे होऊन बिछान्यात सुखाने मेले. त्यांना न्यायला तोबा गर्दी झाली होती. असल्या माणसाला असलं मरण यावं याचा आजही संताप येतो.

बाई शिक्षिका झाल्या त्या या एका कानफटीतून. धाकट्याला त्यांनी वाचायला शिकवलं, आणि त्यासाठी अनेक वर्षं घालवली. तळहातावर बोटाने अक्षर काढून, तारेचं करून, फोनवर हाताएवढं मोठं करून. पुढे पुढे तो रस्त्यावरची प्रत्येक पाटी उभा राहून वाचायचा. ज्या अक्षरांपायी कान गेले, ती अक्षरं तो आता एकही सोडत नव्हता.

दोघांची आपसातली हातांची भाषा होती. खांद्यावरून वेणी ओढल्यासारखं केलं की ताई. पोकळ तळवा कानाशी नेला की गुरुजी. यार्डात लागल्यावर बाईंनी एकदा विचारलं, मुकादमाला काय खूण करायची? धाकट्याने पोकळ तळवा कानाशी नेला.

"ती बाबांची," बाई म्हणाल्या.

धाकट्याने खांदे उडवले आणि पुन्हा तीच खूण केली.

धाकट्याला चेपणी चालवायची होती. चेपणी म्हणजे यार्डातलं सगळ्यात मोठं यंत्र. पोलादाची पेटी, वरून उतरणारा जाड पाट. पेटीत गाडीचा दरवाजा टाका, फ्रिज टाका, पाट उतरला की त्याचा गठ्ठा होतो. पुढच्या बाजूला दोन दांडे होते, डावा ओढला की पाट वर, उजवा ओढला की पाट खाली. यंत्राच्या छातीवर लाल रंगात मोठ्याने लिहिलेलं होतं, सावधान. गठ्ठे उचलणारे मागच्या बाजूला असायचे, त्यांना दांडे दिसायचे नाहीत. धाकटा वर्षानुवर्षं मागच्याच बाजूला होता.

"बहिऱ्याच्या हातात चेपणी?" मुकादम म्हणाला. "उद्या आंधळ्याला ट्रक द्या."

"चेपणी कानानं चालवतात का?" बाईंनी विचारलं. "हातानं चालवतात ना? त्याच्याएवढे हात आहेत कुणाचे इथं?"

मालकीण मध्ये पडली. परीक्षा देऊ दे, पास झाला तर बघू. मग बाई जिवाच्या करारावर कामाला लागल्या. भाऊ पास झाला, तर मागच्या बाजूने पुढच्या बाजूला येणार होता, माणसांत येणार होता. नापास झाला, तर शाळा म्हणजे बाईंचा पोरखेळ हे मुकादमाचं म्हणणं खरं ठरणार होतं.

दांड्यांना त्यांनी हिरवी आणि लाल चिंधी बांधली. मुकादमाने ती दुपारपर्यंत फाडून फेकली. "लहान पोरांचा झोपाळा आहे का हा?" सरावासाठी यंत्र रिकामं द्यायलाही त्याने नकार दिला. तेव्हा बाईंनी जेवणाच्या सुट्टीत यंत्र बंद असताना फोन एका पिंपावर टेकवून ठेवला, स्वतः चेपणीपुढे उभ्या राहिल्या आणि एकेक पायरी हातांनी सांगत व्हिडिओ काढला. आपण नीट चौकटीत येतो की नाही ते दिसावं म्हणून कॅमेरा पुढचा लावला होता. तोंडाने बोलतही होत्या, कारण हाच व्हिडिओ सगळ्यांना दाखवायचा होता. डावा दांडा, पाट वर. उजवा दांडा, पाट खाली.

परीक्षा खोलीत झाली, मालकिणीसमोर. धाकट्याने बाईंच्या समोर उभं राहून सगळ्या पायऱ्या हातांनी करून दाखवल्या. समोरासमोर उभ्या माणसांचं डावं-उजवं कुणी मोजत बसत नाही. मालकीण म्हणाली, "झकास." बाईंनी तोंड फिरवून डोळे पुसले.

चेपणीवरच्या पहिल्या सकाळी धाकटा नवे हातमोजे घालून गेला. ट्रकने मागून हॉर्न दिला, तो हलला नाही, कसा हलणार? मुकादम मागून आला आणि त्याने त्याच्या कानावर अशी ठेवून दिली, की धाकटा गुडघ्यावर आला.

"ज्याला हाक ऐकू येत नाही, त्याला हात ऐकू येतो," मुकादम सगळ्यांना उद्देशून म्हणाला. सगळे हसले. हसणारे मनानं वाईट नव्हते, पण ज्याच्या हातात तळवा त्याच्या विनोदाला हसावं लागतं.

बाई खोलीतून धावत आल्या. "पुन्हा त्याच्या अंगाला हात लावलात तर याद राखा!"

"काय करणार बाई? गुरुजींच्या लेक तुम्ही," मुकादम हसत म्हणाला. "तुम्हाला तर हे आमच्यापेक्षा चांगलं यायला हवं."

धाकटा उठला. त्याने बाईंना खूण केली, जा, तू जा. बाई गेल्या. जायला नको होतं, हे त्यांना पुढे आयुष्यभर वाटत राहणार होतं.

सुरुवातीचे गठ्ठे मुकादमाने स्वतः केले. शिकवतो म्हणाला, पण त्याच्या पाठीआड दांडे कुणाला दिसायचे? मग तारांचा एक गुंता पाटाखाली अडकला. पाट अर्ध्यावर थांबलेला होता. यंत्र बंद करून गुंता काढायचा, असा नियम मुकादमानेच सगळ्यांच्या कानशिलात वाजवून शिकवला होता. पण नियम दुसऱ्यांना असतात. त्याने धाकट्याला दांड्यांपाशी ढकललं, उजवा हात मनगटापर्यंत पाटाखाली घातला, आणि डाव्या हाताचा अंगठा वर केला. पाट वर घे.

धाकट्याने उजवा दांडा ओढला.

बाई आजींच्या डोक्यावर हेडफोन बसवत होत्या. किंकाळी आली. यार्डात लोखंड दिवसभर किंचाळतं, पण हे लोखंड नव्हतं. बाई उठल्या, दारातल्या खुर्चीला अडखळल्या, पत्र्यांचे ढीग ओलांडत धावल्या. त्या चेपणीपाशी पोचल्या तेव्हा पाट अजून खालीच होता. मुकादम गुडघ्यांवर होता, मान मागे टाकलेली, तोंड उघडं, आणि आता त्यातून आवाजही येत नव्हता. धाकटा दांडा धरून उभा होता. त्याचा चेहरा कोरा होता. बाईंना बघितल्यावर त्याने दुसरा दांडा ओढला.

पाट वर गेला. मनगटापुढे जे उरलं होतं त्याला हात म्हणवत नव्हतं.

"मुद्दाम!" मुकादमाला उचलताना त्याला कंठ फुटला. "यानं मुद्दाम केलं! मी वर म्हणालो, यानं खाली केला! मुद्दाम!"

मग जे झालं ते फार झटपट झालं. सकाळी हसणारे तेच लोक होते. कुणीतरी धाकट्याला मागून लाथ घातली. कुणी केस धरले. त्याला फरफटत खांबापाशी नेलं, हात मागे वळवून तारेने बांधले आणि तुडवायला सुरुवात केली. बूट पोटात, बूट तोंडावर. "मुका, पण आतल्या गाठीचा निघाला!" "सकाळचं उट्टं काढलं हरामखोरानं!" रक्त त्याच्या नाकातून हनुवटीवर, हनुवटीवरून सदऱ्यावर. बाईंनी स्वतःला मध्ये झोकून दिलं. त्यांच्या ओठावर कुणाचं तरी कोपर बसलं आणि तोंडात दाताचा तुकडा खडीसारखा लागला.

"का?" त्यांनी धाकट्याला विचारलं, खुणेनं, ओठांनी, दोन्हीनं. "का रे?"

धाकट्याचे हात मागे तारेत होते.

मालकीण धावत आली. पोलिसांना फोन केलाय, म्हणाली. त्याला तसाच ठेवा.

"त्याला सोडा," बाई म्हणाल्या. तोंडातलं रक्त बोलताना उडत होतं. "तोंड बांधलंय तुम्ही त्याचं."

"हात बांधलेत, बाई."

"तेच त्याचं तोंड आहे!"

"आणि परीक्षा कुणी घेतली?" मालकीण कडाडली. "तुम्हीच ना? काय शिकवलंत त्याला?"

"चला," बाई म्हणाल्या. "काय शिकवलं ते डोळ्यांनी बघा. एकेक पायरी बरोबर शिकवलीय मी."

खोलीत सगळ्यात मोठ्या मॉनिटरवर त्यांनी व्हिडिओ लावला. दारात, खिडकीत माणसं दाटली. काहींच्या बुटांना धाकट्याचं रक्त लागलेलं होतं. पडद्यावर बाई चेपणीपुढे उभ्या होत्या, हातांनी सांगत होत्या. बाईंनी आवाज बंद केला. धाकट्याला जसं दिसलं तसं त्यांना बघायचं होतं.

त्यांच्या डोक्यामागे लाल अक्षरं होती. सावधान. पण ती वाचता येईनात. काना उलट्या बाजूला, वेलांट्यांसारखे वळसे भलतीकडे. क्षणभर बाईंना वाटलं, मार डोक्यात बसलाय. मग उमगलं. पुढच्या कॅमेऱ्याने सगळं आरशासारखं उलटवून ठेवलं होतं. शब्द उलटा, यंत्र उलटं, आणि पडद्यावरच्या बाई "पाट वर" असं सांगत उजवीकडचा दांडा ओढत होत्या.

करायला गेले काय आणि झालं काय! ज्या दाराने त्या भावाच्या घरात शिरल्या, त्याच दाराने सत्यानाश आत घेऊन गेल्या होत्या.

गप्प राहता आलं असतं. व्हिडिओ बंद करता आला असता. दुसऱ्या कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. बाईंनी पडद्यावरच्या शब्दावर बोट ठेवलं.

"वाचा हे," त्या म्हणाल्या. "वाचता येतंय? उलटं आहे. सगळंच उलटं आहे. मी त्याला उजवा दांडा ओढायला शिकवला. पाट वर घ्यायला. त्यानं मी शिकवलं तेच केलं."

कटरवाला बाहेर जाऊन चेपणी बघून आला. पडद्याकडे बघितलं, पुन्हा बाहेर बघितलं. "खरंय," तो खालच्या मानेनं म्हणाला.

"माझ्या कानात तर डावा म्हणालात," आजी म्हणाल्या.

"तुम्हाला माझा आवाज होता, आजी. त्याला नुसतं चित्र होतं."

मग कुणीतरी जाऊन तार सोडली. पोलीस आले, व्हिडिओ बघितला, अपघात असं लिहून गेले. धाकट्याला तुडवणाऱ्यांनी त्याला पाणी आणून दिलं, एकाने त्याचा फाटका हातमोजा उचलून त्याच्या मांडीवर ठेवला. मुकादमाचा हात मनगटापासून काढावा लागला अशी बातमी आली, आणि तो अजून मुद्दाम, मुद्दाम असंच बरळतोय, असंही कुणी सांगितलं.

"भ्रमात असेल बिचारा," मालकीण म्हणाली. मग ती बाईंकडे वळली. "आणि तुमची शाळा आजपासून बंद. पडदे, फोन, थेरं, सगळं बंद. जुन्या पद्धतीनं निदान डावं ते डावं तरी राहायचं."

ती बोलून थांबली नाही. त्याच दुपारी तिने सगळे मॉनिटर चेपणीत टाकायला लावले. दांड्यांवर कटरवाला होता. त्याने बाईंकडे बघितलं नाही. पाट उतरला, काचा फुटल्या, हेडफोनच्या वायरी पेटीच्या कडेतून बाहेर आल्या. आजी तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. शाळेचा गठ्ठा झाला, इतर गठ्ठ्यांएवढाच.

घरी आल्यावर बाईंनी कोमट पाणी केलं आणि धाकट्याला खिडकीपाशी बसवलं. उन्हं अजून होती. भुवई फाटली होती, एक डोळा मिटला होता, मनगटांवर तारेचे लाल वळ होते. बाई एकेक जखम पुसत होत्या आणि मधेच हात पुसून खुणा करत होत्या. माझं चुकलं. मी नीट बघितलं नाही. माझ्यामुळे तू मार खाल्लास. शाळा गेली ते जाऊ दे, तू वाचलास.

धाकट्याने त्यांचा हात धरून थांबवला. मग त्याने खूण केली.

"मला माहीत होतं."

"काय?"

"उलटं आहे ते." त्याने हवेत बोटाने अक्षरं काढली. सावधान. आधी सरळ, मग उलटी. "पहिल्याच दिवशी दिसलं. तूच वाचायला शिकवलंस."

बाईंना कळेना. "मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू खूश होतीस," धाकट्याने सांगितलं. "व्हिडिओ दाखवताना हसत होतीस. मी मनात उलटं करून घेतलं. मला सवय आहे."

माहीत होतं. म्हणजे कुठला दांडा कुठला ते त्याला माहीत होतं. म्हणजे अंगठा वर झाला तेव्हा माहीत होतं. बाईंनी मालकिणीसमोर, पोलिसांसमोर, अख्ख्या यार्डासमोर आपली मान दिली ती कशावर? आणि तिकडे तो माणूस हात गमावून खरं बोलत होता, आणि लोक त्याला भ्रमात आहे म्हणत होते. त्याला खोटं कुणी पाडलं? बाईंनी. पाट खाली होता. त्या खोलीतून धावत येईपर्यंत पाट खालीच होता!

बाई उठल्या. काय करतोय हे कळायच्या आत त्यांचा हात वर गेला.

धाकटाही उठला. तो त्यांच्यापेक्षा हातभर उंच होता, चेपणीतून निघालेला गठ्ठा एकटा उचलणारा. मनात आणलं असतं तर त्याने तो हात काडीसारखा बाजूला केला असता. त्याने गाल झाकला नाही. तो ताठ उभा राहिला आणि त्याने दोन्ही हात बाजूला सरळ खाली सोडले.

बाईंनी आपल्या वर गेलेल्या हाताकडे बघितलं. बोटं जुळलेली होती. तळवा पोकळ झालेला होता. आयुष्यात त्यांनी कुणालाही मारलं नव्हतं, पण हाताला सगळं पाठ होतं. एकदाच दाखवलेला तो धडा हात विसरला नव्हता. आणि समोर धाकटा हात खाली सोडून उभा होता, म्हणजे आता त्याला एक शब्दही बोलता येणार नव्हता. त्या नियमात मार खाणाऱ्याने बोलायचंच नसतं.

बाईंच्या तोंडून एक हुंदका बाहेर पडला, घाणेरडा, गुरासारखा. त्यांनी हात खाली घेतला. मग धाकट्याची दोन्ही मनगटं धरली, वळांवरून सांभाळून, आणि त्याचे हात उचलून त्याच्या छातीपुढे आणून ठेवले.

"बोल," त्या म्हणाल्या. "सगळं बोल."

त्याचे हात बोलायला लागले. "अंगठा दिसला. डावा दांडा माहीत होता. उजव्यावर हात गेला. गेला नाही, नेला. तो ओरडला, मला ऐकू आलं नाही. तोंड दिसलं." पोकळ तळवा कानाशी. "हा. आणि हा." एकदा मुकादम, एकदा गुरुजी, खूण तीच. "वर घेणारच होतो. पण थोडं थांबलो. हात कानावर पडल्यावर डोक्यात जेवढा वेळ घणघणतं, तेवढं."

"मी आले तेव्हा वर घेतलास."

"तू आलीस म्हणून."

बाई खाली बसल्या. पाणी गार झालं होतं, फडकं लाल झालं होतं. तोंडातला तुटका दात जिभेला टोचत होता. मग त्यांनी खूण केली, सावकाश, एकेक शब्द नीट दिसेल अशी.

"हे सगळं उद्या मुकादमासमोर बोलायचं. मग पोलिसांसमोर. तू बोल, मी आवाज देईन. एक शब्दही बदलणार नाही, तुझाही नाही, माझाही नाही."

धाकट्याने मान हलवली नाही. पण हात खालीही घेतले नाहीत.